बिनचावीची घड्याळं

१२ जून

चि. टिकटिक यास दादाचे आशीर्वाद.

पाकिटावर तुझं पूर्ण नाव, दुकानाचं नाव आणि परवान्याचा नंबरसुद्धा घातला आहे. पोस्टमनला वाटू दे, कोणा मोठ्या माणसाचं पत्र आहे. आत मात्र तू टिकटिकच. लहानपणी तुझी बडबड थांबत नसे म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव आहे, ते मोडायचा अधिकार अजून कुठल्या कायद्यानं कोणाला दिलेला नाही.

चौदा महिने आपण बोललो नाही. मी अजूनही बोललो नसतो. पण काल तुझ्या वहिनीनं वाटाणे सोलायला पेपर पसरला, आणि बघतो तर तुझ्या फोटोवर सालं पडतायत. मी म्हटलं, पडू देत. ती म्हणाली, "भाऊजी चांगले दिसतायत हो," आणि सालं बाजूला सारली. मग मला वाचावंच लागलं.

राज्यानं खेळांवरच्या पैजा कायदेशीर केल्यापासून तू पेपरात येतोसच. दुकान उघडलंस तेव्हा आलास, दुसरी शाखा काढलीस तेव्हा आलास. पण ही बातमी निराळी. म्हणे, नव्या कायद्यातली 'थांबा-यादी' ही तुझी कल्पना. ज्याला आपला हात आवरत नाही त्यानं स्वतः अर्ज करायचा, मग राज्यातल्या एकाही परवानेवाल्यानं त्याची पैज घ्यायची नाही, त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. आणि हे सगळं तुला म्हणे 'दीर्घ अनुभवातून' सुचलं.

कोणाच्या अनुभवातून रे?

पेपरवाल्याला तू जे सांगितलं नाहीस ते मी इथं लिहून ठेवतो. पुढंमागं कोणाच्या हाती हे पत्र पडलं तर खरं काय ते कळावं. बत्तीस वर्षं आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात लोक फुटबॉलच्या सामन्यांवर पैजा लावत होते. माणूस यायचा, मनगटावरचं घड्याळ काढून द्यायचा, म्हणायचा, जरा मागे पडतंय, बघा. पट्ट्याखाली चिठ्ठी. मी डोळ्याला भिंग लावून ती वाचायचो, आणि दारातून जाणाऱ्या शिपायाला वाटायचं, काय हा कामात बुडालेला माणूस. कोणत्या संघावर किती मिळणार, तो भाव मी काढायचो. तू निरोप पोचवायचास.

आणि एखाद्याच्या चिठ्ठ्या त्याच्या घराला झेपत नाहीत असं दिसलं की मी त्याच्या घड्याळाची चावी काढून घ्यायचो. बाजूची, मिऱ्याएवढी. घड्याळ परत त्याच्या मनगटावर, पण दुसऱ्या दिवशी बंद. सगळ्या गल्लीला कळायचं की हा बिनचावीचा झाला. मग त्याची पैज मी घेत नसे, आणि पलीकडच्या बाजारात माझ्याशी दावा धरून बसलेला तो जाड्यासुद्धा घेत नसे. हीच तुझी थांबा-यादी. तिला ना अर्ज होता ना शिक्का.

चावी त्या माणसाला परत कशी मिळायची, हे मात्र तुला कधी कळलं नाही. आणि आता मी सांगणारही नाही. सगळंच नेलंस, तेवढं तरी माझं राहू दे.

परवान्याचं मी काढत नाही. धाड पडली त्या दिवशी दुकानात आपण दोघं होतो. मी साहेबांना म्हटलं, हा माझा धाकटा भाऊ, डबा द्यायला आलाय. तू डबा उचललास आणि गेलास. मी सत्तर दिवस आत. आता कायदा म्हणतो, शिक्षा झालेल्याला परवाना नाही. म्हणजे डबेवाल्याला आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते काही उगीच नाही.

पण मी जळत नाही, हे तुला कळावं म्हणून हे पत्र. तुझ्या वहिनीला हे वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जळत नाही, मग वास कुठून येतोय?"

तुझा,
दादा

१ जुलै

चि. टिकटिक,

चार ओळींचं तुझं उत्तर मिळालं. "दादा, एकदा दुकानात ये, चहा घेऊ." शाईचं पेन वापरलंस, हे बरं केलंस. अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे, याचा मला आनंद झाला.

मी आलो होतो. म्हणजे आलो नव्हतो. दातांच्या डॉक्टरकडं जाताना समोरच्या फुटपाथवर चपलेचा अंगठा नीट करत थोडा वेळ उभा राहिलो. अर्धा तास असेल. काच काय, आतला गारवा काय, सहा-सहा टीव्ही काय. एका रंगाचे शर्ट घातलेली पोरंपोरी गिऱ्हाइकाला "या सर" म्हणतात. आपल्याकडं गिऱ्हाईक आलं की आधी पाठीमागं कोण येतंय ते बघायला लागायचं. परवाना चौकटीत लावलाय, त्यावर छोटा दिवासुद्धा. खाली पाटी, 'जबाबदारीने खेळा.' मी ती तीनदा वाचली. जबाबदारी घेणारा कोण, ते कुठं लिहिलेलं दिसलं नाही.

तू आतल्या केबिनमध्ये होतास. टक्कल वाढलंय. बाबांनाही असंच मागून सुरू झालं होतं.

घरी आल्यावर तुझ्या वहिनीनं विचारलं, दातवाल्यानं काय सांगितलं. म्हटलं, दातओठ खाऊ नका म्हणाला.

खरं कारण सांगतो, म्हणून लिहितो आहे. काचेवरच्या पडद्यावर तुझे भाव दिसत होते. शनिवारच्या सामन्यात तू गोदीच्या संघाला जिंकणार म्हणून धरलं होतंस. अरे, त्यांच्या गोलकीपरचा अंगठा दुखावलाय. मला कसं कळलं? तो माझ्याकडं पट्टा बदलायला आला. बकल लावता येत नाही, ताणून चढवायचा पट्टा द्या म्हणाला. माणसाच्या मनगटावरून त्याचं अर्धं आयुष्य कळतं. ते तुला कधी जमलं नाही, कारण तू कायम दाराबाहेर. मोठं दुकान काढलंस, पण भाव काढायची अक्कल काही परवान्याबरोबर मिळत नाही.

माझं एक गिऱ्हाईक आहे. माझ्याच वयाचा, साधा म्हातारा. त्याच्या कानावर ही अंगठ्याची गोष्ट गेली. तो बसस्टँडजवळच्या तुझ्या दुसऱ्या शाखेत गेला, गोदीच्या विरुद्ध लावले आणि जिंकला. तिथल्या मुलीनं हसून पैसे दिले म्हणे.

मला नुसतंच हसू आलं. बाकी काही नाही.

दादा

२६ जुलै

चि. टिकटिक,

तुझ्या भल्यासाठी लिहितो. तो म्हातारा तिसऱ्यांदा जिंकला.

तिन्ही वेळा तुझाच भाव चुकीचा होता. एकदा तू चिखलातला सामना कोरड्या मैदानाच्या हिशेबानं धरलास. एकदा एका संघाचा मधल्या फळीतला पोरगा बापाच्या आजारपणानं खेळणार नव्हता, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं, तुला सोडून. असाच गाफील राहिलास तर बसस्टँडची शाखा दिवाळखोरीत निघेल. मग मोठं दुकानही बसेल. मग पेपरात फोटो कशाचा येईल? कुलपाचा.

तो म्हातारा मला सगळं येऊन सांगतो. जिंकल्यावर घरी जाताना त्याची चाल बदलते म्हणे. पाठ सरळ होते. भाजीवालीनंसुद्धा विचारलं, "काय काका, आज खुशीत?" बायकोनं वाटाणे सोलता सोलता मान वर करून पाहिलं.

बत्तीस वर्षं मी स्वतः एक पैसा लावला नाही, हे तू जाणतोस. आचाऱ्यानं चव घ्यायची, पंगतीला बसायचं नाही, असं मी तुलाच सांगायचो. म्हणून त्या म्हाताऱ्याला मी समजावतो. तो म्हणतो, मी पैशासाठी थोडाच लावतो? मला फक्त दाखवून द्यायचंय, कोणाला भाव कळतो आणि कोणाला नाही.

मला त्याचं म्हणणं पटतं, हे कबूल करतो.

दादा

९ सप्टेंबर

टिकटिक,

म्हातारा मीच आहे. तुला हे पहिल्या दिवसापासून कळलं असणार. तुझ्या नंतरच्या दोन्ही उत्तरांत "त्या म्हाताऱ्याला सांभाळ" एवढंच लिहिलं होतंस, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

काल काय झालं ते सांगतो. ऑगस्ट वाईट गेला. पाऊस नाही, चिखल नाही, कोणाचा अंगठा नाही. तरी मी लावत होतो, कारण तुझा भाव दिसला की माझा हात शिवशिवायचा. काल बसस्टँडच्या शाखेत मुलीला म्हटलं, तुमच्या मालकाला सांगा, रविवारच्या सामन्याचा भाव साफ चुकलाय. ती बिचारी घाबरली. म्हणाली, "आजोबा, भाव आम्ही काढत नाही. ते वरून येतात, पडद्यावर. कंपनी पाठवते." मी विचारलं, मग मी जिंकतो ते कोणाचं जातं? ती म्हणाली, "कंपनीचं. मालकांना त्यांचं ठरलेलं कमिशन, तुम्ही जिंका नाहीतर हरा."

मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. सांग, दोन महिने मी डोकं फोडत होतो ते कोणाच्या दारावर? तुझं दार समजून धडका मारल्या, आणि दार तुझं नव्हतंच. तू भाव काढतच नाहीस. या राज्यात आता कोणीच काढत नाही. कुठंतरी लांब एक यंत्र काढतं, ज्याला ना गोलकीपर माहीत, ना त्याचा अंगठा.

त्या क्षणी उठून घरी यायला हवं होतं. तुला हरवायचं म्हणून जात होतो ना? तो विषय संपला होता. मी उठलो, खिडकीशी गेलो आणि रविवारच्या सामन्याची चिठ्ठी मागितली.

हे वाक्य लिहायला मला अर्धी दुपार लागली. एवढ्यावर समजून घे.

तुझ्या वहिनीला काही सांगू नकोस. तिचा फोन आला आणि दुकानाची भिंत मोकळी का दिसते असं तिनं तुला विचारलं, तर सांग की बाबांचं लंबकाचं घड्याळ साफ करायला उतरवलंय. त्याच्यात धूळ फार झाली होती.

दादा

१७ ऑक्टोबर

टिकटिक,

परवा तुझ्या दुकानात जे झालं ते तू काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलंस. दारातून मला काय दिसलं ते ऐक. मग वाटलं तर पत्र फाडून टाक.

मी एका लेडीज घड्याळावर वाकलो होतो. शेजारचा चष्मेवाला आला आणि म्हणाला, "वहिनी तुमच्या भावाच्या दुकानात शिरताना दिसल्या. सगळं ठीक ना?" मी भिंग डोळ्यालाच ठेवून पळालो. रस्त्यात लोक बघत होते ते त्यासाठी, हे नंतर कळलं.

दार ढकललं तर ती खिडकीशी उभी. हातात काचांचा डबा, ज्यात मी घड्याळांच्या जुन्या काचा ठेवतो. त्यात मी तुझ्या शाखेच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, हे तिला कसं सापडलं कोण जाणे. भिंतीवरचा तो फिकट गोल दोन महिने तिच्या डोळ्यांत सलत होता, म्हणून शोधत गेली असेल. ती खिडकीतल्या मुलीला शांतपणे म्हणत होती, "यांचं नाव तुमच्या त्या यादीत घाला."

मुलगी म्हणाली, "काकू, ज्याचं नाव त्यानंच द्यायला लागतं. कायदा आहे तसा."

मग तू केबिनमधून आलास. तुझी वहिनी तुझ्यावर कधी आवाज चढवत नाही. परवाही चढवला नाही. ती म्हणाली, "भाऊजी, कायदा तुम्हीच सांगितलात ना त्यांना? मग त्यात मी कुठं आहे?"

तू जे उत्तर दिलंस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "वहिनी, दादा चावी परत कशी द्यायचा, ते मला ठाऊक नव्हतं. मी विचारायला आलो होतो. दोनदा."

हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. दुसऱ्यातही नाही. तू दोनदा आला होतास. कायद्याचे नियम ठरवणाऱ्या समितीसमोर बोलायला दादा तू चल, चावीची गोष्ट तूच सांग, मी नुसता शेजारी बसतो, असं म्हणाला होतास. पहिल्यांदा मी म्हटलं, सत्तर दिवस आत काढलेला माणूस साहेबांपुढं कोणत्या तोंडानं जाणार? दुसऱ्यांदा तू परवान्याच्या अर्जाची बातमी सांगितलीस, आणि मी तुला दुकानाबाहेर काढलं. चौदा महिन्यांचा अबोला माझा होता, तुझा नव्हता. तू जेवढं पाहिलं होतंस तेवढं सांगितलंस. अर्धं. उरलेलं अर्धं मी खणात कुलूप लावून ठेवलं, आणि वर तुलाच चोर म्हटलं.

आणि तेवढ्यात मला ते दिसलं. तुझ्या डोक्यामागं, दिवा लावलेल्या परवान्याच्या शेजारी, बाबांचं घड्याळ.

मी काय काय बोललो ते आता लिहीत नाही. तुझ्या दुकानातल्या पोरापोरींनी ऐकलं, टीव्हीसमोर बसलेल्यांनी ऐकलं. बापाचं घड्याळसुद्धा सोडलं नाहीस, असंही म्हणालो. तू एवढंच म्हणालास, "जुन्या सामानवाला माझ्याकडं घेऊन आला. दुसऱ्या कोणाकडं जायला नको म्हणून ठेवून घेतलं. चावी नाही म्हणाला, बंदच आहे."

तेव्हा मी पाहिलं. काटे दहा वाजून वीस मिनिटांवर उभे होते. ज्या वेळी मी ते भिंतीवरून उतरवून सामानवाल्याला विकलं, तीच वेळ.

घरी येताना तुझी वहिनी माझ्या पुढं चालत होती. अर्ध्या वाटेत थांबली, मागं वळली, म्हणाली, "ते भिंग काढा डोळ्यावरचं." एवढंच.

तेव्हापासून ती मला जेवायला वाढते, पण शेजारी बसत नाही.

दादा

२ नोव्हेंबर

चि. टिकटिक,

आता उरलेलं अर्धं ऐक.

सगळ्यांना वाटायचं की काढून घेतलेल्या चाव्या माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहेत. बिनचावीचे येऊन त्या खणापुढं गयावया करायचे. एकानं तर खणाच्या पाया पडल्यासारखं केलं होतं. खण रिकामा होता रे. एकही चावी त्यात कधी नव्हती.

दुपारी दुकानाचं पुढचं दार मी तासभर लावून घ्यायचो, तू म्हणायचास दादा झोपतो. त्या वेळी मागच्या दारानं बाया यायच्या. कोणाची बायको, कोणाची आई, एकदा एक आठवीतली मुलगी, जिला आई नव्हती. मी चावी तिच्या हातात द्यायचो. कधी परत द्यायची ते तिनं ठरवायचं. तिला वाटलं हा आता सावरला, की ती आणून द्यायची आणि मी घड्याळात बसवायचो. गड्याला वाटायचं, दादांना दया आली.

एकीनं अकरा वर्षं आणली नाही. तो माणूस अकरा वर्षं बंद घड्याळ घालून कामावर गेला, आणि त्याला एकही दिवस उशीर झाला नाही.

तुझ्या समितीतले विचारतील, उद्या एखादी रागानं नवऱ्याचं नाव देईल, त्याचं काय? विचारायलाच हवं. नुसती बाई सांगत आली म्हणून मी कधी चावी काढली नाही. आधी मी त्याच्या चिठ्ठ्या बघायचो, महिनाभर बघायचो. आणि मी एकट्यानंही कधी ठरवलं नाही. काढायला दोघं लागायचे, परत द्यायलाही दोघं. ज्याचा हात सुटलाय त्यालाच हात धरायला सांगायचं, हे म्हणजे बुडणाऱ्याला म्हणायचं की बाबा दोर तूच फेक. काही जण फेकतात. सगळे नाही फेकत. मी तीन महिने फेकला नाही, आणि मी तर दोर वळणारा.

मला हे कळत होतं हे लक्षात घे. समितीसमोर हे माझ्या तोंडून गेलं असतं तर तुझी वहिनी त्या खिडकीवरून रिकाम्या हातानं परत आली नसती. तुझं नाव होऊ नये म्हणून जे लपवलं, त्यानंच मला वाचवलं असतं. हसायचं असेल तर हस. मीही थोडा हसलो.

काल परवाने देणाऱ्या आयोगाच्या कचेरीत जाऊन मी थांबा-यादीत नाव घालून आलो. तुझ्या दुकानात नाही घातलं, तेवढा ताठा अजून शिल्लक आहे. अर्जात मुदत विचारतात, एक वर्ष किंवा तीन. तीन लिहिलं. पुढं एक रकाना होता, 'कारण, सांगायचे असल्यास.' मी लिहिलं, धाकटा भाऊ. कारकून म्हणाला, "आजोबा, हे काय कारण झालं?" म्हटलं, साहेब, दुसरं नव्हतंच. त्यानं शिक्का मारला.

घरी येऊन माझ्या मनगटावरचं घड्याळ उघडलं. बत्तीस वर्षांत शेकडो चाव्या काढल्या, पण काल इवलासा स्क्रू दोनदा खाली पडला. तुझ्या वहिनीनंच शोधून दिला. मी चावी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं मूठ मिटली आणि विचारलं, "मला किती वर्षांपासून माहीत होतं, तुम्ही दुपारी झोपत नाही ते?" मी म्हटलं, किती? ती म्हणाली, "पहिल्या वर्षापासून. त्या बाया जाताना मला विचारून जायच्या, की ताई, किती दिवस ठेवू?"

म्हणजे मी ज्याला माझं गुपित म्हणत होतो तेही माझं एकट्याचं नव्हतं. कारभार तिचा होता. मी नुसता चिमटा.

ती चावी कुठं ठेवली ते सांगत नाही. काल रात्री जेवताना शेजारी बसली मात्र.

आता कामाचं. वीस तारखेला समिती नियमांचा फेरविचार करायला बसणार आहे, हे कचेरीच्या फळ्यावर वाचलं. कारकुनाला विचारलं, शिक्षा झालेला माणूस बोलू शकतो का? म्हणाला, परवाना मिळत नाही, पण बोलायला कोणालाही पाच मिनिटं मिळतात. मी नाव दिलंय. तुझ्या वहिनीचंही दिलंय. तू आमच्या शेजारी बस. मी अडखळलो तर टिकटिक कर, लहानपणी करायचास तशी. मात्र पेपरवाला फोटो काढायला आला तर तुझी वहिनी पुढं, मी तिच्यामागं आणि तू माझ्यामागं. एवढं मला हवंय. पोटातलं दुखणं एका शिक्क्यानं जात नाही, ते हळूहळू जाईल.

राहिलं घड्याळ. त्याची चावी माझ्याकडंच आहे. सामानवाल्याला हरवली म्हणालो ते खोटं होतं. सगळं दिलं, चावी हातातून सुटली नाही. ती या पाकिटात घालणार होतो. पाकीट चिकटवायच्या आधी काढून घेतली, कारण ती तुला मिळाली की तुला इकडं यायचं काही कारण उरणार नाही. आणि मला तर तीन वर्षं तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवायला बंदी आहे, तुझ्याच कायद्यानं.

तेव्हा घड्याळ काढ आणि तूच ये. भिंतीवरचा गोल मी रंगवलेला नाही, खिळाही तिथंच आहे. दुपारी ये. पुढचं दार लावलेलं असलं तर मागून ये.

तुझा,
दादा